लेकरू दवाखान्यात, जीव दोन ठिकाणी

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. दिवाळीच्या आधी त्याला सारखा ताप यायला लागला, अंगावर निळे डाग पडले, पाय दुखतात म्हणून चालेना. लातूरला रक्त तपासलं, तिथून संभाजीनगरला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर निघाला, एएलएल म्हणतात तो. तेव्हापासून मी इथंच आहे. गावाकडं चार एकर कोरडवाहू, मालक शेतात, चार वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ. महिन्यानं कमरेच्या हाडाची तपासणी केली, रिपोर्ट चांगला आला. झालं, घरचे म्हणायला लागले, बरा झालाय, घेऊन या, अजून विष कशाला घालता लेकराच्या अंगात. आधी सगळी भावकी येऊन गेली, आता कुणाचा फोन नाही. गोळ्या चालू होत्या तेव्हा पोरगा रात्री दोनला भात मागायचा, आता अन्नाकडं बघत नाही. माझ्यावरच चिडतो, ताट फेकतो, तूच मला इथं आणलंस म्हणतो. वेळा अमावस्येला आंबील पाहिजे म्हणून रडला, द्यावी का नाही कळलं नाही. शेजारच्या खाटेवरची मुलगी मागच्या आठवड्यात गेली, तो रोज विचारतो ती कुठं गेली. घरी फोन लावला तर मुलगी बोलत नाही. दिवस कसा काढावा तेच कळेना.
एक आई, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, आधी रिपोर्टचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

मी डॉक्टर नाही. अंबाजोगाईत शिवणकाम करते. माझी मुलगी पाचव्या वर्षी याच आजारानं आडवी झाली, आज ती नववीत आहे. मधली वर्षं मी वॉर्डात आणि एसटीत काढली, आणि अजूनही महिन्यातून एखाद्या वेळी नव्या आयांजवळ जाऊन बसते. तिथं मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच वाक्याची, ‘रिपोर्ट चांगला आलाय, आता घरी जातो.’

महिन्याच्या शेवटी हाडातली तपासणी चांगली येते, म्हणजे वाईट पेशी ५ टक्क्यांच्या आत आल्या. संपल्या असं नाही. तुमच्या घरच्यांना शेतातलं सांगा. रान वखरलं की वरून स्वच्छ दिसतं, पण हराळीची मुळी खाली तशीच असते आणि एक पाऊस पडला की वर येते. ती मुळी मारायला पुढचे महिने लागतात. काही पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात दडतात, तिथं सलाईनमधली बरीचशी औषधं पुरेशी पोचत नाहीत, म्हणून ते पाठीतलं इंजेक्शन असतं. साधारण दोन ते अडीच वर्षांचा हा उपचार आहे. पण सगळा काळ असा दवाखान्यातला नसतो. पहिले सहा-आठ महिने जड जातात, त्यानंतर बहुतेक लेकरं घरी असतात, गोळ्या घेतात आणि ठरल्या तारखेला दाखवायला येतात. लहान मुलांचा हा आजार पूर्ण उपचार घेतले तर बहुतेकांचा बरा होतो. अर्धवट सोडला तर उलटतो, आणि उलटलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

हे तुम्ही एकटीनं घरी पटवत बसू नका. फोनवर तर नाहीच. मालकांना आणि सासूबाईंना एकदा इथं बोलावून घ्या आणि ओपीडीच्या दिवशी डॉक्टरांसमोर बसवा. मी सासऱ्यांना असंच बसवलं होतं. सुनेचं ऐकताना माणूस मध्येच उठून जातो, डॉक्टरांसमोर उठत नाही. ‘मध्येच सोडलं तर काय होईल’ हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

आता दिवसाचं. अडीच वर्षं टिकायचंय, म्हणून आजपासून तुमच्या जेवणाची आणि झोपेची सोय लावा. वॉर्डातल्या आया जेवतात कसं, मला माहीत आहे. लेकराच्या ताटात उरलेलं खायचं आणि जेवण झालं म्हणायचं. ताई, ते जेवण नव्हे. बाहेर पोळी-भाजी वाटणारे येतात, त्या रांगेत उभं राहण्यात कमीपणा नाही. आणि लेकरासाठी उपास धरला असेल तर सोडा. मी योगेश्वरीला नवस बोलले होते, मुलीचे उपचार संपल्यावर फेडलाही. उपास मात्र एकही धरला नाही. चक्कर येऊन आईच पडली तर लेकराला धरायचं कुणी?

झोपेसाठी शेजारच्या दोघी-तिघींशी बोलून पाळ्या लावा. एकीनं दहा ते दोन जागायचं, तिच्या लेकराबरोबर तुमच्याही लेकराचं सलाईन बघायचं, मग तुम्ही उठायचं. आंघोळीला, कपडे धुवायला, औषध आणायला जातानाही तसंच, एक जण कायम खाटेपाशी. जिच्याशी सकाळी बादलीवरून भांडण झालं तिच्यापाशीच रात्री लेकरू सोडून जावं लागतं, हे लक्षात ठेवा. भांडण त्याच दिवशी मिटवा.

एक वही करा, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. ताप किती वाजता किती होता, संडास झाली का, लघवी कशी, काय खाल्लं, उलटी किती वेळा, कोणतं औषध कधी लागलं. राउंडच्या आधी कालचं पान वाचा आणि विचारायचे प्रश्न खाली लिहा. घाईत डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले तरी ‘सर, माझे दोन प्रश्न राहिलेत’ असं म्हणा. सिस्टरची ड्यूटी बदलते, शिकाऊ डॉक्टर काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात जातात. लेकराजवळ सतत असणारी तुम्हीच. संडास दोन दिवस झाली नाही, जबडा दुखतो, पाऊल घासत टाकतो, पोटात एकदम कळ येते, हे दिसतं आईला आणि त्यावरून डॉक्टर औषध ठरवतात. व्हिन्क्रिस्टीन नावाच्या इंजेक्शननं बद्धकोष्ठ होतं, त्यासाठी पातळ औषध मिळतं, ते मागून घ्या. गावाकडची कुणी म्हातारी साबणाची वडी किंवा एनिमा सुचवेल, पण औषधांनी रक्तातल्या चांगल्या, जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी झालेल्या असताना गुदद्वारातून काहीही द्यायचं नाही. तापसुद्धा काखेतच मोजायचा.

प्रत्येक खाण्यानंतर मीठ-पाण्याच्या गुळण्या करून घ्या. तोंडात फोड आले की लेकरू पाणी पीत नाही, आणि तिथूनच पुढचं सगळं बिघडतं. मऊ ब्रश घ्या. दाताला रक्त येत असेल तर ब्रशच्या जागी काय वापरायचं ते सिस्टरना विचारा.

आंबिलीचं विचारलंत ते बरं केलं. ताक न उकळता घातलेली, रात्रभर ठेवलेली आंबील पेशी कमी असताना देऊ नये. आमच्या वॉर्डात दही, ताक, कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस, चिरून ठेवलेली फळं हे सगळं त्या दिवसांत बंद असायचं. पण म्हणून ज्वारी बंद नाही. ज्वारीच्या कण्या पाण्यात शिजवून, चवीला मीठ घालून, गरम गरम द्या. उकळून गार केलेलं पाणी, सालीची केळी, मोसंबी, ताजा वरण-भात चालतो. पेशी वर आल्या की आंबिलीचं डॉक्टरांना विचारा. ‘वेळा अमावस्या पुन्हा येणार आहे, तेव्हा शेतात बसून पिऊ’ असं त्याला सांगितलंत तर ते खोटं आश्वासन होणार नाही. बहुतेक लेकरांसाठी ते खरं ठरतं.

त्याचा राग आता. रात्री दोनचा भात स्टिरॉइडचा होता. त्या गोळ्यांनी भूक अशी लागते की लेकरू जेवून उठलं की लगेच मागतं, तोंड सुजतं, आणि स्वभाव इतका बदलतो की आईला वाटतं हे माझं नव्हे. गोळ्या थांबल्या की काही दिवसांत ते ओसरतं. उपचारात पुढं या जातीच्या गोळ्या परत काही आठवडे येतात, तेव्हा घाबरू नका आणि डब्यात भात-वरण ठेवा. पापड-लोणचं मात्र हाताशी ठेवू नका, मीठ बाधतं.

तूच मला इथं आणलंस, हे तो तुम्हाला म्हणतो कारण डॉक्टरांना म्हणायची त्याची हिंमत नाही आणि तुम्ही उठून जाणार नाही याची त्याला खात्री आहे. ‘हो, मीच आणलंय, बरं करायला आणलंय’ एवढंच म्हणा. सुई टोचायच्या आधी ‘दुखणार नाही’ असं कधीच सांगू नका. दुखेल, मी हात धरते, दहा मोजेपर्यंत संपेल, असं सांगा. त्याच्या हातात एक-दोन निर्णय द्या. सुई कोणत्या हाताला, गोळी साखरेच्या पाण्यात का गुळाच्या पाण्यात. ताट फेकलं तर मात्र फेकू नको म्हणायचंच. आजारी आहे म्हणून सगळं चालवून घेतलं तर घरी गेल्यावर धाकट्या बहिणीचा जीव नको करील. आमच्याकडं हा त्रास मोठ्या मुलाला झाला, म्हणून सांगते.

शेजारच्या मुलीचं लिहिलंत तिथं मी वाचता वाचता थांबले. त्या आईलाही तुम्ही ओळखत असणार. ताई, तुमचा मुलगा रोज विचारतो, म्हणजे त्याला अर्धं कळलेलं आहे. ‘झोपली’ म्हणू नका, तो झोपायला घाबरेल. ‘गावाला गेली’ म्हणू नका, उद्या तुम्ही त्याला गावी न्यायला निघाल तेव्हा त्याला काय वाटेल? मी मुलीला असं सांगितलं होतं, ‘तिचा आजार फार वाढला होता, डॉक्टरांनी पुष्कळ केलं, तरी ती वारली. वारली म्हणजे आता तिचं शरीर चालत नाही, तिला दुखत नाही, आणि ती परत येणार नाही.’ त्यानंतर तिनं विचारलं, मी पण मरणार का. तुमचाही विचारील. तुमच्याकडं चांगला रिपोर्ट आहे, तो सांगा. ‘तुझ्या तपासणीत औषध लागू पडलेलं दिसलंय, म्हणून आपण ते पूर्ण घेतोय.’ तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. त्यानंही त्या मुलीसाठी रडायचं असेल तर रडू द्या. खेळायचे ते दोघं.

धाकटी फोनवर येत नाही, त्याला मी राग म्हणत नाही. चार वर्षांच्या लेकराला फोनमधली आई म्हणजे निघून गेलेली आई. रोज एकाच वेळी लावा, संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमारास, आणि बोल म्हणू नका. तुम्हीच बोला. आज भावानं किती भात खाल्ला, खिडकीत कबुतर आलं, एवढंच. ऐकत असते ती. उपचारात मध्ये उसंत मिळाली, पेशी बऱ्या असल्या, की मालकांना दोन दिवस खाटेपाशी बसवा आणि तुम्ही घरी जाऊन या. बापाला लेकराच्या औषधांची माहिती व्हायला तेवढे दोन दिवस फार उपयोगी पडतात. मार्च २०२३ पासून एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, १२ वर्षांपर्यंतच्या लेकराला पूर्वीपासून अर्धं. रेल्वेनं जायचं तर दवाखान्यातून सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो विषय असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी. दवाखान्यात या योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडून मंजुरीची तारीख वहीत लिहून घ्या. पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एका वेळचं भाडं धरलेलं असतं. तपासणी किंवा औषध बाहेरून आणायला सांगितलं तर आधी आरोग्यमित्राला विचारा, मग दुकानात जा. मंजुरीत न बसणाऱ्या खर्चासाठी समाजसेवा अधीक्षकांची खोली शोधा. तिथं जायला पुष्कळ आया लाजतात. लाजू नका.

भावकीचं एवढंच म्हणते. येणं बंद झालं म्हणून माणसं तुटली असं नाही. त्यांना काय करायचं ते कळत नाही. काम नेमून द्या. दीराला सांगा, प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, लागल्या की त्या द्यायला दोन माणसं पाठवायची जबाबदारी तुमची. जावेला सांगा, मुलीला रोज अंगणवाडीत सोडायचं. चौकशीचे फोन एकाच माणसानं घ्यावेत, तुम्ही दिवसभर तेच तेच सांगत बसू नका.

प्रश्न : माझ्या मुलीचे जड उपचार संपले, आता घरी गोळ्या चालू आहेत. गावात लोक आपली लेकरं तिच्याजवळ पाठवत नाहीत, लागण होईल म्हणतात. मागच्या महिन्यात रात्री ताप आला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं, गाठ आली. गोळ्यांचंही फार गोंधळाचं आहे. बायको थकली आहे, म्हणून मी लिहितोय.
एक वडील, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

उत्तर : भाऊ, बायको थकली म्हणून तुम्ही वही हातात घेतलीत, ते फार चांगलं केलंत.

आधी गोळ्या, कारण यात चुकलं तर जिवावर बेततं. सिक्स-एमपी ही कॅन्सरची गोळी रोज असते, ठरलेल्या एकाच वेळेला. मिथोट्रेक्झेट ही दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच असते. एकदाच. ती रोज गेली तर तोंड सोलवटतं, पेशी कोसळतात. कॅलेंडरवर तिचा वार लाल पेनानं मांडा, आणि ती पट्टी वेगळ्या डब्यात, तुमच्या ताब्यात ठेवा. दोघांपैकी एकानंच द्यायची आणि दिल्यावर लगेच खूण करायची. आई दिली समजते, बाप नाही दिली समजतो, मग एकाच दिवशी दोनदा जाते. न्यूमोनिया होऊ नये म्हणून सेप्ट्रान देतात, तीही याच कॅलेंडरवर येऊ द्या. पेशी पाहून डॉक्टर डोस कमी-जास्त करतात, म्हणून मागच्या महिन्याच्या चिठ्ठीवर गोळ्या चालू ठेवू नका.

तापाचं. काखेत १०० च्या वर दिसला की दवाखान्यात फोन, १००.४ दिसला की निघायचं, रात्र असो की पाऊस. आधी तापाची गोळी देऊन वाट बघू नका. गोळीनं आकडा उतरतो, आतला जंतू तसाच राहतो. पेशी कमी असलेल्या लेकराला पहिलं अँटिबायोटिक शिरेतून जितक्या लवकर जाईल तितका जीव वाचतो. तुम्ही लांब आहात, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या. मुलीचा आजार, चालू औषधं, ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक, कुणाला फोन करायचा. ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइलच्या वर ठेवा. जवळच्या जिल्हा रुग्णालयात रात्रीच्या ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना ते हातात मिळालं की प्रश्नोत्तरांत तास जात नाही. कोणत्या चारचाकीवाल्याला रात्री उठवायचं तेही आजच बोलून ठेवा. गावातल्या डॉक्टरांना हात जोडून सांगा, हिला मांसात इंजेक्शन नाही. प्लेटलेट कमी असताना तिथं रक्त साकळतं.

लागणीचं, गावाला तुमच्या तोंडून एकदा स्पष्ट ऐकू द्या. हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं होत नाही. उलट लागण होते ती त्यांच्या लेकरांच्या सर्दी-खोकल्याची आपल्या मुलीला. मी शेजारणीला असंच सांगितलं होतं, ‘तुझ्या लेकीला माझ्या लेकीपासून धोका नाही, तुझी लेक शिंकत असेल त्या दिवशी मात्र पाठवू नकोस.’ दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं मुलगी आणून सोडली. आरोग्यसेविका आणि आशाताई गावात येतात, त्यांनाही चार घरी बोलायला सांगा. लस कोणती कधी द्यायची, घरातल्या इतर लेकरांनाही, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. जिवंत लसी, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या लसी, या काळात तिला चालत नाहीत.

आणि बायको थकली म्हणालात. पुढच्या दोन फेऱ्यांना मुलीला तुम्ही घेऊन जा. बायकोला माहेरी जाऊ द्या, नाहीतर घरात नुसतं झोपू द्या.

प्रश्न : माझ्या वर्गातला विद्यार्थी उपचारासाठी मुंबईला आहे. शाळेकडून काय करता येईल?
जिल्हा परिषद शिक्षक, ता. भोकरदन, जि. जालना

उत्तर : गुरुजी, त्याचं नाव हजेरीपटावरून कमी होऊ देऊ नका आणि हे त्याच्या आईला फोन करून सांगा. आया या काळजीनं झुरतात आणि विचारायला घाबरतात. वर्गातल्या मुलांकडून चित्रं काढून पाठवा, पण ‘लवकर बरा हो’ असं सगळ्यांनी लिहायला नको. शाळेत काय चाललंय ते लिहू द्या, कोण कबड्डीत पडलं, खिचडीत आज काय होतं. अभ्यास पाठवाल तर थोडा, एका दिवसाला एक पान. केमोच्या आठवड्यात तो तेही करणार नाही, चालेल.

राहण्याची सोय झाली नसेल तर आईला दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जायला सांगा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि कॅन्सरच्या लेकरांच्या कुटुंबांना मोफत ठेवणारी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत. तिथं दवाखान्याच्या चिठ्ठीवरून जागा बघतात.

तो परत वर्गात येईल तेव्हा केस नसतील, तोंडावर मास्क असेल. एक दिवस आधी मुलांशी बोला. त्याला खिडकीजवळ बसवा, पाण्याची बाटली घरची राहू द्या. आणि वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर संध्याकाळची वाट न बघता लगेच त्याच्या घरी फोन करा. आदल्या चार दिवसांत तो त्या मुलाजवळ बसला होता का, तेही सांगा. कांजिण्या आपल्या घरातल्या लेकराला आठवडाभर खाजवतात, या लेकराच्या फुप्फुसापर्यंत जातात. वेळेत कळलं तर प्रतिबंधाचं औषध देता येतं, आणि ते जितक्या लवकर तितकं चांगलं.